मापाचं पोलकं

सोमवार, २२ मार्च १९६५
माहीम, तालुका पालघर

शिवणवर्गाच्या जमनाबाईंनी निरोपाची भेट म्हणून ही वही दिली आणि बजावलं, की संसाराचं रडगाणं लिहू नकोस, मापं लिही. मी म्हटलं, दोन्ही लिहीन. पण सध्या तरी रडगाण्यासारखं काही दिसत नाही.

शनिवारी गिरगावात लग्न लागलं, काल दुपारी आम्ही पालघरला उतरलो आणि टांग्याने इकडे आलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या. केळी, सुपारी, पानवेली. समुद्र दिसत नाही, पण वास येतो. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मी माप ओलांडलं आणि तांदूळ पार माजघरापर्यंत गेले. सासूबाई हसल्या. त्यांना सगळा गाव माई म्हणतो, मीही तेच म्हणायचं ठरलं आहे.

घरात माणसं दोनच, माई आणि हे. यांचं नाव विश्राम. घ्यायचं नाही म्हणतात, पण लिहायला कोण अडवतंय? तारापूरला वीजकेंद्राचं काम चाललं आहे, तिथे हे एका ठेकेदाराकडे सामानाची कोठी सांभाळतात. राहणं बोईसरला. घरी येणार शनिवारी संध्याकाळी, जाणार सोमवारी पहाटे. म्हणजे आज पहाटे गेलेसुद्धा. कुलदेवाला जाऊन येईपर्यंत हे पडवीत निजणार, घराण्याची तशी रीत आहे म्हणे. मला काही घाई नाही.

आणि खरी गंमत म्हणजे मशीन! पायाचं, काळंभोर, सोनेरी वेलबुट्टीचं. मधल्या खोलीत खिडकीशी ठेवलं आहे. माई म्हणाल्या, सूनबाई शिवणकाम जाणणारी म्हणून तुझ्यासाठीच घेतलं. लग्नात चढवलेली सहाच्या सहा पोलकी मला अशी बसली, की जमनाबाईंनीही काख उलटून पाहिली. मापासाठी माझं एक जुनं पोलकं काय ते गेलं होतं. माझं माप लिहून ठेवते. छाती बत्तीस, कंबर पंचवीस.

दुधात साखर म्हणतात ती ही. दादाचे पांग कसे फेडायचे कोण जाणे. आईवडिलांमागे त्यानेच वाढवलं आणि त्यानेच हे घर शोधलं.

रविवार, ४ एप्रिल

पाडवा झाला आणि ऊन तापलं. दुपारी बारा ते चार माहीममध्ये कुणी कुणाच्या दारात जात नाही. घामाने लुगडं अंगाला चिकटतं. काल हे आले तेव्हा मी पदराने वारा घेत होते. ते पाहून यांनी माईंकडे बघितलं आणि माईंनी ट्रंकेतून एक गाठोडं काढलं.

आत एक जुना झगा होता, तीस-पस्तीस वर्षांमागचा, कुणा पारशिणीकडून आलेला. खांद्याला फुगा, छातीवर पट्टी आणि पट्टीखालून चुण्या सुटलेल्या. त्याच्यासोबत तसाच नवा शिवायला बेतलेलं कापड. पिवळसर मलमल, त्यावर पांढरी बारीक फुलं. सगळे तुकडे कापून तयार, पाठ शिवून झालेली, पुढा टाचलेला, बाकी राहिलेलं. माईंनी सांगितलं, की त्यांची भाची पुष्पलता राहायला आली होती, तिने हे धरलं, मग तिचं लग्न झालं आणि तसंच राहिलं. दुपारी दारं लावून घरात घालायला बरं. तू पुरं कर. ‘अर्धं रायलेलं घरात ठेवू नये, पोरी.’

सासू होऊन सुनेला झगा शिवायला सांगते! गिरगावात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मशीनही आयतं, बेतही आयता. आयत्या बिळावर नागोबा ती मी.

रविवार, ११ एप्रिल

पुष्पलताचा हात छान आहे. टाचण सरळ, टाके एकसारखे, शिवणीत दोन्ही बाजूंना चांगला दीड इंच दाब ठेवलेला, म्हणजे पुढे उसवून मोठं करता यावं. फक्त एक समजत नाही. कापडाच्या उलट्या बाजूला पेन्सिलीने छाती बत्तीस लिहिलं आहे, खांदा, बाही, उंची सगळं आहे आणि सगळं माझ्याच मापाचं. कंबरेपुढे मात्र आकडा नाही, नुसती रेघ. पुढ्याला चुण्या इतक्या, की आत दुसरी बाई मावेल. जुन्या काळची तऱ्हा असेल.

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. वाडीतलं आणि घरातलं काम ठकी नावाची वारली बाई करते, चाळिशीची, कामाला वाघ. मी झगा उन्हात टाक म्हणून तिच्याकडे दिला, तर तिने हात मागे घेतले. म्हणाली, ‘बाय, ते कापडाला मी हात लावायची नाय.’ का, म्हणून विचारलं. तोच माई आल्या आणि ती पाणी शेंदायला गेली.

शुक्रवार, १६ एप्रिल

काल मी पुढ्याच्या चुण्या काळ्या दोऱ्याने कच्च्या घालून ठेवल्या आणि जेवून लवंडले. अर्धी झोप, अर्धी जाग. मशीनचा आवाज येत होता, पण शेजारच्या वाडीतला रहाट वाटला. उठून पाहते तो चुण्या पक्क्या शिवलेल्या. काळा दोरा उपसून बाजूला, नीट गुंडाळून ठेवलेला.

माईंना म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेतलात. त्या म्हणाल्या, मला सुईचं नाकं दिसत नाही, मी कसली शिवते. आणि हसल्या. सासूने सुनेची थट्टा करावी हे मला आवडलं. मोठेपणा घ्यायचा नाही म्हणून नाही म्हणाल्या असतील.

पण मशीनचं चाक अजून कोमट होतं, आणि माई तेव्हा मागच्या दारी चुलीवर पाणी ठेवत होत्या, हेही मी पाहिलं आहे.

बुधवार, २१ एप्रिल

परकराची नाडी पुरेना. टेप लावला. कंबर अठ्ठावीस.

एका महिन्यात तीन इंच! माहीमची केळी आणि माईंचा आग्रह. रोज ताटात वरून नारळाचं दूध. तरी हात तसेच आहेत, बांगड्या सैलच होतात. गाल तर बसले आहेत. जमनाबाई म्हणायच्या, बाई जाड झाली की आधी दंडाला कळतं. माझ्या दंडाला काहीच कळलेलं नाही.

बाकी काही असण्याचा प्रश्नच नाही. मागच्याच आठवड्यात चार दिवस बाहेर बसून न्हाले. आणि हे अजून पडवीतच निजतात. कुलदेवाचा मुहूर्त पुढेच जातो आहे.

सोमवार, २६ एप्रिल

साडेतीस. फक्त पुढून.

काल माईंनी आपण होऊन ताटात चिंच वाढली. मी विचारलं, कशाला. म्हणाल्या, लागतं या दिवसांत. मला लाजेने मेल्यासारखं झालं. सांगितलं, की तसं काही नाही, असूच शकत नाही, तुमचे चिरंजीव पडवीत निजतात. माईंनी माझ्या केसांवरून हात फिरवला. ‘मला म्हायती हाय, पोरी. तू शीव.’

यांच्याकडे पाहिलं. हे ताटातल्या माशाचे काटे काढत होते. मान वर केली नाही. माझा नवरा माझ्याविषयी काहीही ऐकतो आणि काटे काढत राहतो.

पालघरला डॉक्टरकडे न्या म्हटलं. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले. दुपारी मशीन पुन्हा चाललं. मी जागी होते. मधल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, तर आवाज थांबला. मशीनचा पायटा अजून हलत होता. एक बाही जोडून झाली होती.

गुरुवार, २९ एप्रिल

आज माई आखातीजेच्या सामानाला बाहेर गेल्या होत्या. मी ठकीला विहिरीवर गाठलं. हात धरला, सोडलाच नाही. ती सांगत गेली, मी ऐकत गेले. जसं आठवतं तसं लिहिते.

पुष्पलता भाची नव्हती. यांची बायको होती. पहिली. मशीन तिच्या माहेरचं.

गेल्या वैशाखात तिला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तिचा भाऊ तीनदा न्यायला आला, माईंनी तीनदा परत पाठवला. वंशाचा अंकुर याच छपराखाली निघाला पाहिजे म्हणाल्या. ती रडायची आणि झगा शिवायची. माहेरी जाताना घालायला, बैलगाडीत अंगाला मोकळा हवा म्हणून. एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या कळा आल्या. दाई सांजेला बोलावली. तोवर दोन्ही जीव गेले होते.

ठकी म्हणाली, ‘आमचेत माणूस गेला का त्याची कापडं त्याचेसंगती जालतात. मी माईला बोलली. माई बोलली, नाय, तिचं काम रायलंय, ते दुसरी पुरं करंल. माझा नातू अर्ध्यात गेला, तोही पुरा होवंल.’

म्हणून कंबरेला आकडा नव्हता.

आमच्यात दुसरेपणाची बायको आली, की पहिलीचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात घालतात. नवं वस्त्र आधी टाकाला दाखवायचं, मग अंगावर घ्यायचं. माझ्या आत्याच्या गळ्यात होता, म्हणून मला ठाऊक. टाक करायचा म्हणजे ती गेली असं मानायचं. माईंना ते मानायचंच नव्हतं. आणि गळ्यात टाक पाहिला असता तर मला बोहल्यावरच कळलं असतं.

मी विचारलं, झगा पुरा झाला की काय होणार. ठकीने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि कळशी उचलली.

दादाला पत्र लिहिलं. येऊन मला घेऊन जा. एवढंच. पत्र ठकी पालघरला टाकणार आहे. दादा येईल.

सोमवार, ३ मे

शिवण बंद केली. झगा ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात.

आज दुपारी झगा मशीनवर होता. दुसरी बाही जोडलेली. कुलूप जसंच्या तसं.

कंबर तेहेतीस. आत काहीतरी फिरतं. माझं नाही ते. मी कुणाची आई नाही, मी अजून कुणाची बायकोसुद्धा नाही.

काल यांना तोंडावर विचारलं. पुष्पलता कोण? हे म्हणाले, तुला कुणी सांगितलं. कोण, हे नाही सांगितलं. मग म्हणाले, माईचं मन मोडवत नाही, तू तेवढं शिवण पुरं कर, मग सगळं नीट होईल. पोटात एक आणि ओठात एक असली माणसं मी पाहिली आहेत. यांच्या ओठातही काही नसतं.

दादा दोन-तीन दिवसांत येईलच.

गुरुवार, ६ मे

दादा आला नाही. त्याचं पत्र आलं.

लिहितो, की स्थळ बीजवराचं आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. वहिनीला माझी अडचण होत होती, दोन वर्षं पाहुणे येऊन चहा पिऊन जात होते, आणि या लोकांनी तर पत्रिकाही मागितली नाही. आधी मापाचं पोलकं मागितलं. दोन मुलींची पोलकी म्हणे त्यांनी परत पाठवली होती, माप जुळेना म्हणून. माझं जुळलं. त्याला हसू आलं होतं, लिहितो. म्हातारीची लहर वाटली. आता दिवस गेले आहेत तर मन रमव, सासू चांगली आहे, असं लिहिलं आहे.

दिवस गेल्याचं मी त्याला लिहिलंच नव्हतं. माईंनी कळवलं असेल.

मला तापात मांडीवर घेऊन बसायचा तो. स्वतःची पेज मला द्यायचा. त्यानेच केसानं गळा कापला. माईंवर मला राग येतो, यांची किळस येते, पण दादाचं काय करू? पत्र तीनदा वाचलं. शाळेतलं तेच वळणदार अक्षर.

रविवार, ९ मे

काल डोहाळजेवण केलं. माझं. लग्नाला सात आठवडे झाले आणि सातव्याचं डोहाळजेवण.

आळीतल्या बायका आल्या. हिरवा चुडा भरला, फुलांचे दागिने घातले, गाणी म्हटली. एकीनेही माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. एक म्हातारी झाकलेली वाटी उघडायला सांगताना रडली, तिला बाहेर नेलं.

छत्तीस. बटणं लागली. काजं झाली. गळ्याला गोट बसला. आता फक्त खालची दुमड राहिली.

मंगळवार, ११ मे

काल पळाले. दुपारी, सगळे निजले असताना. पालघरच्या रस्त्याने. अर्ध्या कोसावर पोटात कळ आली आणि खाली बसले. समोरून सायकल आली. हे. सोमवार असून बोईसरला गेले नव्हते. जणू ठाऊकच होतं — मला उठवलं, पाणी पाजलं, सायकलच्या दांडीवर बसवून परत आणलं. वाटेत एवढंच म्हणाले, ऊन लागेल.

ठकीला कामावरून काढलं. हे आता रजा घेऊन घरीच आहेत.

दुमड निम्मी झाली आहे. आता पुष्पलता मी असतानाही शिवते. मला ती दिसत नाही. पायटा हलतो. कापड सरकतं. मध्येच थांबते, कमरेवर हात ठेवून बाई थांबते तशी. मला भीती वाटते आणि — कीवही येते. तिलाही कुणी माहेरी जाऊ दिलं नाही.

बुधवार

झोप नाही. वीतभर राहिली दुमड.

काल उसवली होती मी. सगळी. सकाळी पुन्हा —

गुरुवार, १३ मे, दुपार

पोस्टमन आला. माई निजलेल्या. पुडकं यांच्या नावाचं, मी घेतलं.

आत एक पोलकं. निळं, जुनं, काखेत विरलेलं. टेप लावला, छाती बत्तीस, कंबर पंचवीस. चिठ्ठी डहाणूकडची. तुमच्या पत्राप्रमाणे मुलीचं मापाचं पोलकं पाठवत आहोत. माप तुम्हीच घ्यावं. मुलगी गरीब स्वभावाची. दोन घरं बसून पुन्हा उभं राहायचं तुमच्या नशिबी आलं, ईश्वरेच्छा. तान्ह्या बाळाला आई हवी म्हणता, ते पटतं. मुलीचं नाव कमळी.

तान्हं बाळ. दोन घरं बसून.

मी अजून जिवंत आहे. यांनी पत्र कधी लिहिलं? माईंनी सांगितलं आणि यांनी — स्वतःच्या हाताने — मी समोर बसून वाढत होते तेव्हा —

कळा सुरू झाल्या आहेत. सकाळपासून. मशीन चालू आहे. चार बोटं दुमड राहिली.

ओरडून उपयोग नाही. कोण येईल?

पोलकं बघत बसले. त्याला घामाचा वास आहे, मुलीचा. काखेखाली तिनेच ठिगळ लावलं आहे, वाकडं. शिवता येत नाही तिला. या खेपेला नाही जमलं तर माई पुन्हा तिला —

सुई माझी आहे. दोरा आहे.

दोन्ही बगलांतून दीड दीड इंच आत घेते. पाठीची चीरही. छाती एकोणतीसच्या आत आली पाहिजे. टाके बारीक, जुन्यासारखे, निळा दोरा थोडा मळवून घेतला. माई बोटांनी चाचपून बघतात, कळता कामा नये. माप जुळणार नाही. परत पाठवतील. जमनाबाई, तुम्ही शिकवलेलं कामाला आलं.

एक बगल झाली. कळ आली म्हणून मध्ये लिहिते, गेली की पुन्हा —

मशीन थांबत नाही. दोन बोटं. माझी दुसरी बगल पुरी व्हायच्या आधी तिची दुमड संपेल.

पुष्पाताई म्हणून हाक मारली. मोठ्याने. सांगितलं, आणखी एक आणताहेत. थोडी थांब. मला एवढं पुरं करू दे.

थांबली.

पायटा थांबला. चाक थांबलं. सुई कापडात तशीच. ती थांबली, माझ्यासाठी. या घरात माझं ऐकणारं कुणी असेल तर तीच —

शिवते आहे. कळ येते, जाते. अर्धी बगल. घाम डोळ्यात. पाठीची चीर राहिली, ती नाही झाली तरी चालेल, बगल पुरी झाली पाहिजे.

माई उठल्या. पावलं. पडवीतून यांचीही. माई विचारताहेत, मशीन का थांबलं.

पुडकं घेऊन माजघरात आले, आतून कडी लावली. कडी वाजते. आणखी तीन टाके. पोलकं घडी करून पुडक्यात, चिठ्ठी वर, त्यांना वाटलं पाहिजे की मी उघडलंच

दोन टाके

दाराच्या फटीतून दिसतं, माई मशीनवर बसल्या. सुईचं नाकं दिसत नाही म्हणाल्या होत्या, त्यांनी पायटा —

एक